निक्सन लायब्ररी, योर्बा लिंडा: वॉटरगेट गॅलरीसाठी जा, बाकीचं जमलं तर बघा

आधी निकाल सांगून टाकते, मग ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा. पाचपैकी चार स्टार, आणि ते चारही जवळपास एकट्या वॉटरगेट गॅलरीचे. रिचर्ड निक्सन म्हणजे अमेरिकेचे ते अध्यक्ष ज्यांना १९७४ मध्ये राजीनामा द्यावा लागला, आणि वॉटरगेट म्हणजे त्या नावाच्या इमारतीत विरोधी पक्षाच्या ऑफिसात झालेली चोरी आणि ती दडपण्याचं प्रकरण, ज्यात ते अडकले. नावात लायब्ररी असलं तरी आपल्यासारख्यांसाठी हे म्युझियमच. कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीमध्ये योर्बा लिंडा म्हणून शांत गाव आहे तिथे, डिस्नीलँडहून गाडीने फार लांब नाही, पण लॉस एंजेलिसला आलेल्या पाहुण्यांना इथे कोण आणतं! आम्ही आलो कारण सासरे आले होते, ते रिटायर्ड सरकारी ऑडिटर, त्यांना राइड्स आणि परेडपेक्षा जुने कागद दाखवले की माणूस खूश.

बाकीचं पटकन उरकते. निक्सनच्या वडिलांनी १९१२ मध्ये बांधलेलं छोटंसं लाकडी घर आवारातच आहे, १९१३ मध्ये निक्सन त्यातच जन्मले, आणि तिथून चार पावलांवर नवरा-बायको दोघांच्या समाध्या. ओव्हल ऑफिसची हुबेहूब नक्कल आहे, टेबलामागे बसून फोटो काढता येतो, लाइन लागते. १९७२ ची चीन भेट, पर्यावरण खातं सुरू केलं ते, सगळं नीट मांडलंय आणि ते खोटंही नाही, माणसाने कामं केलीच होती. ९ ऑगस्ट १९७४ ला ज्या हेलिकॉप्टरमधून ते व्हाइट हाउस सोडून गेले ते पण इथलंच. दुकानात एल्विस प्रेस्ली आणि निक्सनचा हात मिळवतानाचा तो फोटो मिळेल त्या वस्तूवर छापलाय. घेऊ नका असं म्हणत नाही.

आता मुद्द्याचं. वॉटरगेट गॅलरी बघण्याआधी ती तिथे आली कशी हे माहीत असलं तर दुप्पट मजा येते, म्हणून सांगते. १९९० मध्ये ही जागा उघडली तेव्हा ती सरकारी नव्हतीच, निक्सनच्या समर्थकांच्या फाउंडेशनची होती. स्वतः निक्सन तेव्हा हयात. त्यामुळे तिथे वॉटरगेटचं जे दालन होतं त्यात एकंदर सूर असा की विरोधकांनी मिळून डाव रचला आणि निवडून आलेल्या माणसाला खाली खेचलं. चोराच्या उलट्या बोंबा, पण काचेच्या कपाटात आणि छान लायटिंग लावून. सरकारकडे याचं नियंत्रण का नव्हतं, तर निक्सननी राजीनामा दिल्यावर टेप्स (ऑफिसातल्या बोलण्याची गुपचूप केलेली रेकॉर्डिंग) आणि कागद स्वतःच्या ताब्यात घ्यायची तयारी केली होती, ते नष्ट होतील या भीतीने काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) १९७४ मध्येच खास कायदा करून सगळं जप्त केलं. म्हणजे इमारत कॅलिफोर्नियात आणि कागद तिकडे वॉशिंग्टनजवळ, अशी गंमत कितीतरी वर्षं चालली. अध्यक्षाचे कागद ही देशाची मालमत्ता, त्याची खासगी नाही, हा आजचा नियमही त्यातूनच पुढे १९७८ च्या कायद्याने आला.

२००७ मध्ये नॅशनल आर्काइव्ह्जने, म्हणजे सरकारी कागदपत्रं सांभाळणाऱ्या खात्याने, म्युझियम ताब्यात घेतलं आणि टिमथी नाफ्ताली नावाच्या इतिहासकाराला डायरेक्टर केलं. या माणसाने जुनं दालन उखडून टाकलं आणि कागदपत्रं, टेप्स आणि त्या काळातल्या माणसांच्या नव्याने घेतलेल्या मुलाखती यावर नवीन गॅलरी उभी करायला घेतली. फाउंडेशनने १३२ पानांचं हरकतपत्र पाठवलं. १३२! बाबांनी (सासऱ्यांनी) हे ऐकून लगेच विचारलं की हरकतींना मुद्देसूद उत्तरं दिली का मग, जुनी सवय. उद्घाटन लांबलं पण शेवटी ३१ मार्च २०११ ला गॅलरी उघडली, आणि त्याच वर्षी नाफ्ताली पद सोडून गेले, पुढे तीनेक वर्षं डायरेक्टरची खुर्ची रिकामीच. २०१६ मध्ये बाकी म्युझियम चकाचक केलं तरी ही गॅलरी ठेवली. एखाद्या नेत्याच्या स्वतःच्या स्मारकात, त्याच्या समाधीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्याने सत्तेचा गैरवापर कसा केला ते सरकारी खर्चाने लिहून ठेवलंय, हे मला तरी दुसरीकडे कुठे बघितल्याचं आठवत नाही.

आत गेल्यावर वाचायला प्रचंड आहे. ज्यांना फक्त चित्रं बघत पुढे सरकायचंय त्यांना कंटाळा येणार हे नक्की, आणि एक स्टार मी तिथेच कापलाय, मजकुराची एवढी गर्दी की महत्त्वाचं आणि किरकोळ एकाच आवाजात बोलतं. पण थांबून वाचलं तर कळतं की चोरी हा भाग तसा छोटाच. १७ जून १९७२ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या ऑफिसात पाच जण पकडले गेले ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आधीच्या वर्षीच व्हाइट हाउसने पोसलेल्या टोळीने डॅनियल एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचं ऑफिस फोडलं होतं, का, तर व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद त्यांनी पेपरला दिले म्हणून त्यांना बदनाम करायला काहीतरी हवं होतं. म्हणजे वॉटरगेट ही पहिली चूक नव्हतीच, पकडली गेलेली पहिली होती.

मी आणि बाबा सगळ्यात जास्त बोललो ते इन्कम टॅक्सच्या प्रकरणावर. सप्टेंबर १९७२ मध्ये व्हाइट हाउसचे वकील जॉन डीन यांनी टॅक्स खात्याचे प्रमुख जॉनी वॉल्टर्स यांना बोलावून अध्यक्षपदाचे विरोधी उमेदवार मॅकगव्हर्न यांच्या लोकांची आणि देणगीदारांची यादी हातात दिली, यांच्या मागे लागा म्हणून. वॉल्टर्स यादी घेऊन आपले वरिष्ठ, अर्थमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांच्याकडे गेले आणि शुल्ट्झ म्हणाले काहीही करू नका. वॉल्टर्सनी यादी पाकिटात सील करून तिजोरीत ठेवली, पुढे ती काँग्रेसच्या कमिटीकडे दिली. बस. ना राजीनामा, ना पत्रकार परिषद. दोघेही निक्सननीच नेमलेले, त्यांच्याच पक्षाच्या सरकारातले! बाबा म्हणाले, "अगं, वरून तोंडी आदेश आला की तो खाली लेखी होतो कसा, आणि सही कोणाची पडते, तिथे सगळं असतं. या माणसाने सहीच केली नाही." चाळीस वर्षं ऑफिसात घालवलेल्या माणसाकडून ऐकताना ते वेगळंच वाटतं.

याच्या उलट उदाहरणही आहेच. १९७१ मध्ये बेरोजगारीचे आकडे मनासारखे मांडले जात नाहीत म्हणून निक्सनना शंका की ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्समधले ज्यू अधिकारी आपल्या विरोधात आहेत, निक्सननी असे किती आहेत ते मोजायला सांगितलं, आणि फ्रेड मलेक नावाच्या हुशार तरुण सहाय्यकाने मोजून मेमो दिला. मोजून! आडनावांवरून! अध्यक्ष तोच, ऑफिस तेच, एकाने यादी तिजोरीत टाकली आणि एकाने यादी तयार करून दिली. अमेरिकेची घटना, चेक्स अँड बॅलन्सेस (सत्तेच्या एका शाखेचा दुसरीवर लगाम) वगैरे आपण फार कौतुकाने बोलतो, पण मला या गॅलरीत एकच गोष्ट परत परत दिसत होती, ती म्हणजे यंत्रणा आपोआप काही करत नाही, मधल्या खुर्चीवर कोण बसलंय त्यावर सगळं ठरतं. २० ऑक्टोबर १९७३ ची रात्र घ्या. टेप्स मागणारे विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढा असा आदेश आला, अ‍ॅटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला, त्यांच्या खालच्या रकल्सहाउस यांनीही नकार दिला, आणि तिसऱ्या नंबरवरच्या रॉबर्ट बोर्क यांनी काढलं. दोन नकार कमी पडले, तिसरा माणूस मिळालाच. पण त्या दोन नकारांनी देशभर एवढा गदारोळ झाला की नवीन विशेष वकील नेमावा लागला आणि टेप्सचा पिच्छा सुटला नाही. २४ जुलै १९७४ ला सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध ० ने टेप्स द्या म्हणून सांगितलं, त्या आठ जणांतले तीन निक्सननीच नेमलेले.

मग महाभियोग. हाउसच्या (संसदेच्या खालच्या सभागृहाच्या) ज्युडिशियरी कमिटीत सत्तेच्या गैरवापराचं कलम २८ विरुद्ध १० ने पास झालं, निक्सनच्या स्वतःच्या रिपब्लिकन पक्षाच्या ७ जणांनी बाजूने मत दिलं, आणि त्या कलमातला पहिलाच मुद्दा टॅक्स खात्याचा. म्हणजे तिजोरीतली ती यादी इथे येऊन पोचली. पण इथे थोडं थांबून एक गोष्ट बघा, जी या सगळ्या कौतुकात हरवते. कंबोडियावर चोरून केलेल्या बॉम्बिंगबद्दलही एक कलम मांडलं होतं आणि ते १२ विरुद्ध २६ ने पडलं. फोडलेल्या ऑफिसाचा हिशोब मागितला, परक्या देशात चोरून टाकलेल्या बॉम्बचा नाही मागितला. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात कत्तल चालली असताना निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खानच्या पाठीशी उभे होते आणि इंदिरा गांधींना टेपवर चेटकीण म्हणत होते, त्याचा तर कोणी विषयही काढला नाही. सत्तेचा गैरवापर म्हणजे आपल्याच घरातल्यांवर केलेला, एवढीच व्याख्या त्यांनी धरली असं मला वाटतं, आणि हे मला खटकतं.

फ्रँक विल्स यांचं नाव पण लक्षात ठेवा. वॉटरगेट इमारतीचे रात्रपाळीचे वॉचमन, आठवड्याला ८० डॉलर पगार. दाराच्या कुलपावर चिकटपट्टी दिसली, काढली, परत फेरीत तिथे नवीन चिकटपट्टी, तेव्हा पोलिसांना फोन केला. ते २००० मध्ये गरिबीतच गेले. निक्सनना १९७७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट यांनी घेतलेल्या टीव्ही मुलाखतींचे ६ लाख डॉलर मिळाले, ज्यात त्यांनी अध्यक्षाने केलं म्हणजे ते बेकायदेशीर नसतंच असं सांगून टाकलं. खटला तर चाललाच नाही, कारण राजीनाम्याला महिना व्हायच्या आत, ८ सप्टेंबर १९७४ ला त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या जेराल्ड फोर्डनी संपूर्ण माफी देऊन टाकली. हाताखालचे हाल्डेमन, मिचेल वगैरे तुरुंगात जाऊन आले, साहेब समुद्रकाठच्या बंगल्यावर. फोर्डना नंतर २००१ मध्ये त्या माफीसाठी धैर्याचा पुरस्कार मिळाला, देशाला पुढे नेलं म्हणून. असेल. मला विचाराल तर ती माफी आजपर्यंत महाग पडतेय.

कारण २०२४ मध्ये उभं राहून ही गॅलरी बघणं आणि त्याआधी बघणं यात फरक आहे. १ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ट्रम्प यांच्या खटल्यात ६ विरुद्ध ३ ने ठरवलं की अध्यक्षाला त्याच्या मूळ घटनात्मक अधिकारातल्या कामांसाठी फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण आहे, बाकीच्या अधिकृत कामांसाठीही निदान गृहीत धरलेलं संरक्षण आहे, आणि संरक्षण असलेल्या कामांचा पुरावा म्हणून वापरसुद्धा जवळपास बंद. आता २३ जून १९७२ ची टेप ऐका, ज्यात सीआयएला सांगून एफबीआयचा तपास थांबवा अशी योजना निक्सन ओव्हल ऑफिसात बसून मंजूर करतायत. ही टेप बाहेर आली आणि चार दिवसांत त्यांनी खुर्ची सोडली. आजच्या कोर्टात तिच्यावर पहिला वाद हाच होईल की हे अधिकृत काम होतं की नाही. आणि महाभियोगाचं म्हणाल तर सिनेटने आजवर एकाही अध्यक्षाला दोषी ठरवलेलं नाही, २०२१ मध्ये कॅपिटलवरच्या (संसद भवनावरच्या) हल्ल्यानंतर ट्रम्प यांच्या विरोधात ५७ मतं पडली, तिथेही रिपब्लिकन ७ च, पण लागतात ६७.

ज्यांना योर्बा लिंडाला जाणं शक्य नाही त्यांनी टेप्स घरी बसून ऐकाव्यात, लायब्ररीच्या वेबसाइटवर फुकट आहेत. फेब्रुवारी १९७१ ते जुलै १९७३, एकूण ३,७०० तासांच्या आसपास रेकॉर्डिंग, त्यातलं साधारण ३,००० तास खुलं केलंय. आवाज भयंकर, कपबशांचा खणखणाट, माइक टेबलात बसवलेले. हेडफोन लावा आणि लिहिलेला मजकूर मिळाला तर समोर ठेवा, नाहीतर निम्मं कळत नाही. शिव्या भरपूर आहेत, मुलं आसपास असतील तर जपून.

जाणार असाल तर सकाळी उघडतानाच जा आणि ताजं डोकं आहे तोवर वॉटरगेट गॅलरी आधी करा, ओव्हल ऑफिसचा फोटो नंतर. आठवी-नववीच्या पुढची मुलं असतील तर जरूर न्या, लहानांना हेलिकॉप्टर सोडून काही नाही. वयस्कर मंडळींना बरोबर नेत असाल तर मध्ये मध्ये बसायला लागेल हे धरून चला, उभं राहून वाचण्याचं काम आहे सगळं. आमचे बाबा मात्र बसले नाहीत, शुल्ट्झ यांची मुलाखत त्यांनी दोनदा ऐकली आणि दुकानातून काहीही न घेता बाहेर आले.