अमळनेरच्या आबांचं शब्दकोडी पुस्तक: कोडी झकास, छपाई बेकार

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो छपाईसाठी, आबांचा त्यात काही दोष नाही.

पुस्तक म्हणजे साधंच आहे, वहीच्या साइजचं, स्टेपल मारलेलं, किंमत साठ रुपये, अमळनेरला बाजारातल्या एका झेरॉक्स-स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. कोडी बनवणारे आबा रिटायर्ड मास्तर, नव्वदीला टेकलेत (नाव टाकत नाही, त्यांना ते आवडत नाही) आणि अजून दर आठवड्याला नवीन कोडं तयार करतात. दुकानदार ते "बघा ना, या वयात!" असं सांगून विकतो आणि मला तेच खटकलं, कारण वय बाजूला ठेवलं तरी हे पुस्तक पेपरातल्या बऱ्याच कोड्यांच्या वरचं आहे.

का ते सांगतो. मराठीत कोडं जुळवणं इंग्रजीपेक्षा किचकट काम आहे राव. तिकडे एका घरात एक लेटर, विषय संपला. आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट, 'स्वातंत्र्य' एवढा मोठा शब्द पण घरं फक्त तीन. म्हणजे आडव्या शब्दात 'बा' आला की उभ्यातही 'बा'च पाहिजे, नुसता 'ब' चालत नाही. म्हणून पेपरातली कोडी बघा, निम्मी घरं काळी असतात आणि उरलेल्यात तेच ते मका, रवा, नग, तट. काही ठिकाणी तर आडवं 'वि' आणि उभं 'वी' एकाच घरात कोंबतात आणि आपण चूक आपलीच समजून खोडत बसतो. आबांच्या कोड्यात असलं काही सापडलं नाही, काळी घरंही कमी.

एक नमुना सांगतो, सोडवायचं असेल तर पुढची तीन वाक्यं वाचू नका. आडवा क्लू, 'भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेलेला धरणगावचा कवी', उत्तर बालकवी, आता हे आपल्याकडच्या शाळेत शिकलेला कोणीही सांगेल. पण त्याच 'बा'पासून खाली 'पाकिटावरच्या काळ्या रेघा, माणसाला वाचता येत नाहीत' म्हणजे बारकोड, आणि 'क'पासून खाली कळणा, ज्याची भाकरी आणि ठेचा असला की भाजी नसली तरी चालतं. कवी, बारकोड आणि कळणा एका कोपऱ्यात! मला वाटलं होतं की जुन्या माणसाचं पुस्तक म्हणजे नुसती पौराणिक नावं आणि समानार्थी शब्द असतील, तर तसं बिलकुल नाहीये, आयपीएलपण आहे आणि ओटीपीपण आहे.

मध्येमध्ये अहिराणी क्लू आहेत ते मला लई आवडले, पण पुण्याच्या मावसभावाला दिलं तर तो 'लेक, तीन अक्षरी' ला 'मुलगी' लिहून अडकला, उत्तर आंडेर होतं. खान्देशाबाहेरच्यांनी हे बघून घ्या. काही क्लू मात्र अगदीच जीकेच्या पेपरसारखे, 'राजवाडे संशोधन मंडळाचं गाव, दोन अक्षरी', हे काय कोडं झालं का आबा?

मी गेलो तेव्हा आबा दुकानातच स्टुलावर बसलेले, मांडीवर गणिताची चौकटींची वही, कानाला पेन्सिल, हातात खोडरबर. मोबाइल नाही, सॉफ्टवेअर नाही. आधी लांब शब्द मांडतात, मग छोटे भरतात, नाही जमलं तर अख्खा कोपरा खोडून परत, पान पार झिरझिरीत झालेलं. मला बघून म्हणाले, "सुटनं का भाऊ?" मी म्हटलं, आबा डावीकडचा कोपरा राहिला. उत्तर सांगितलं नाही ते नाहीच, वर हसले.

या धंद्यात म्हातारी माणसं तशी बरीच टिकतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाला बर्निस गॉर्डन म्हणून बाई होत्या, 1914 चा जन्म, 1950 च्या दशकापासून न्यूयॉर्क टाइम्सला कोडी द्यायच्या, 2013 मध्ये एका शाळकरी पोराबरोबर मिळून कोडं केलं आणि 2014 च्या जानेवारीत वयाची शंभरी गाठून परत छापून आल्या. इंग्लंडचे जॉन ग्रॅहम, 'अरोकॅरिया' या टोपणनावाने गार्डियनमध्ये कोडी द्यायचे, त्यांनी तर 2013 मध्ये आपल्याला कॅन्सर झालाय हे वाचकांना कोड्याच्या उत्तरांतूनच कळवलं, नव्वदी पार केलेली होती तेव्हा. मी हे आबांना सांगितलं तर त्यांनी विचारलं काय, तर "त्यांना मानधन कितलं भेटे?"

आता तक्रारी. कागद इतका पातळ की पुढच्या पानावरची उत्तरं आरपार दिसतात, आणि उत्तरं पुढच्याच पानावर का छापली हे छापणाऱ्यालाच माहीत, शेवटी एकत्र टाकायची ना. घरं बारीक, जोडाक्षर बॉलपेनने लिहिलं की शेजारच्या घरात घुसतं, पेन्सिलच वापरा. माझ्या कॉपीत एका कोड्यात काळं घर छापायचं राहिलंय, त्यामुळे तीन अक्षरी शब्दाला चार घरं होती, डोक्याचा नुसता भुगा. दुकानदाराला दाखवलं तर त्याने तिथल्या तिथे मार्करने काळं करून दिलं आणि बाकीच्या कॉप्यांत करायला बसला, त्यामुळे तुम्हाला मिळेल ती बहुतेक दुरुस्त केलेली असेल.

दुकान दुपारी बंद असतं, संध्याकाळी जा. दुसरा भाग आलाय, त्यात घरं मोठी केलीत म्हणे, पण कागद तोच. उत्तरांचं पान आधी स्टेपलरने बंद करून मगच सोडवायला बसा.