पुढच्या वर्षीचं बियाणं: सरळ वाण की संकरित?

हिवाळ्यात बागेतली कामं मंदावतात आणि पुढच्या वर्षाचा आराखडा वहीत उतरवायला वेळ मिळतो. कुठल्या वाफ्यात काय, कशानंतर काय, हे मांडण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: बियाणं सरळ वाणाचं घ्यायचं की संकरित? हा प्रश्न बहुधा तत्त्वाचा म्हणून मांडला जातो आणि मग माणसं सगळी बाग एकाच बाजूला टाकून मोकळी होतात. घरापुरत्या बागेत असं करू नये, हे माझं ठाम मत आहे. निर्णय पिकागणिक घ्यावा, आणि त्या पिकाच्या फुलात पराग कुठून येतो हे आधी पाहावं.

सरळ वाणाचं बी पेरलं की मूळ झाडासारखंच झाड येतं. फक्त दुसऱ्या वाणाचा पराग त्यात मिसळलेला नसावा. संकरित बी दोन वेगळ्या, पिढ्यानपिढ्या एकसारख्या करत आणलेल्या वाणांच्या संकरातून तयार होतं. त्याची पहिली पिढी जोमदार आणि एकजात निघते. त्याच फळांतलं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं, की गुण विखुरतात. मेंडेलनं १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या वाटाण्यावरच्या प्रयोगांत उंच आणि बुटक्या झाडांच्या संकरातून पहिली पिढी सगळी उंच आली, आणि दुसऱ्या पिढीत साधारण चारातलं एक झाड पुन्हा बुटकं निघालं. तो तिथे एकेका गुणाचा हिशेब ठेवत होता. संकरित टोमॅटोच्या दुसऱ्या पिढीत फळाचा आकार, चव, रोगप्रतिकार, पिकण्याचा काळ असं बरंच काही एकदम विखुरतं. म्हणून संकरित निवडलं की बियाणं पुन्हा विकत घ्यायचं, हे गृहीत धरा. आणि एक गैरसमज दूर करायला हवा: संकरित म्हणजे जनुकीय फेरफार केलेलं नव्हे. दोन झाडांतला हा साधा संकर असतो, फक्त जोडी जाणूनबुजून निवडलेली असते.

संकरित कुठे घ्यावं? पहिलं उत्तर, जमिनीत रोग असेल तिथे. टोमॅटोच्या पाकिटावर नावापुढे व्ही, एफ, एन अशी अक्षरं दिसतात. व्ही आणि एफ म्हणजे व्हर्टिसिलियम आणि फ्युजॅरियम या दोन बुरशींमुळे होणाऱ्या मर रोगांना प्रतिकार, एन म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना. या बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे एकदोन वर्षांच्या फेरपालटीनं त्या जात नाहीत. गेल्या हंगामात भर वाढीतली झाडं खालच्या पानांपासून पिवळी पडून सुकली असतील आणि खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या असतील, तर त्या वाफ्यासाठी चवीपेक्षा ही अक्षरं आधी वाचा. काही सरळ वाणांतही हा प्रतिकार असतो, पण एकाच वाणात अनेक रोगांना प्रतिकार हवा असेल तर तो संकरितात जास्त सहज सापडतो.

दुसरं, गोड मका. त्याचा पराग वाऱ्यावर दूरवर जातो आणि थोड्याच झाडांवरून बी धरत राहिलं तर काही पिढ्यांत जोम उतरतो. शंभरेक झाडं लावायला जागा नसेल तर घरचं बी धरण्याचा हट्ट सोडा. कोबी आणि गाजर दोन वर्षांची पिकं आहेत: पहिल्या वर्षी गड्डा किंवा मूळ, थंडी सोसल्यावर दुसऱ्या वर्षी फुलं आणि बी. म्हणजे बियांसाठी ठेवलेली झाडं वाफा दुसऱ्या वर्षीही अडवून बसतात. लहान बागेत हे परवडत नाही, त्यामुळे इथे बियाणं विकतच आणणार असाल तर दोन्हींतलं जे चवीला आणि हवामानाला जुळेल ते घ्या.

सरळ वाणाची खरी जागा वाटाणा, घेवडा, लेट्यूस आणि टोमॅटो. यांच्या फुलांत बहुतेक वेळा स्वपरागीभवन होतं, त्यामुळे दोन वाण थोड्या अंतरावर लावले तरी बी बऱ्यापैकी शुद्ध राहतं. दर वर्षी सगळ्यात निरोगी, वेळेवर फळणाऱ्या झाडांचं बी धरत गेलात, तर तुमच्या मातीत आणि हवेत रुळणारी झाडं हळूहळू निवडली जातात. ही निवड संकरितात तुमच्या हाती नसते, आणि माझ्या लेखी सरळ वाणाचं सगळ्यात मोठं मोल हेच आहे. शिवाय सरळ वाणांची फळं बऱ्याचदा टप्प्याटप्प्यानं येतात. रोज थोडं तोडून खाणाऱ्या घराला हे सोयीचं. एकाच वेळी मोठा तोडा करून साठवण करणाऱ्याला संकरिताची एकजात पिकणी बरी.

भोपळावर्गीय पिकांत मात्र जपून. मधमाश्या पराग दूर नेतात आणि एकाच प्रजातीतले वाण सहज मिसळतात. मिसळ झाली तरी त्या वर्षीचं फळ बिघडत नाही, परिणाम पुढच्या पिढीत दिसतो. शोभेच्या कडू भोपळ्याचा पराग लागलेलं बी पेरलं तर विषारी कडवटपणाची फळं येऊ शकतात. कडू लागलेला भोपळा शिजवूनही खाऊ नये. त्यातली कडू द्रव्यं शिजवल्यानं जात नाहीत. बी धरायचंच असेल तर संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्या बांधून ठेवा, सकाळी हातानं पराग लावा, मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला खुणेची दोरी लावा. एवढं करायची तयारी नसेल तर दर वर्षी नवं बी आणा.

खरेदीआधी घरात उरलेलं बी तपासा, मग ते कोणत्याही प्रकारचं असो. ओलसर कागदाच्या घडीत २० बिया ठेवून उबेला ठेवा. बहुतेक भाज्यांचा अंदाज आठ-दहा दिवसांत येतो. १६ उगवल्या तर उगवण ८० टक्के, खुशाल पेरा. निम्म्याहून कमी उगवल्या तर दाट पेरा किंवा नवं आणा. नीट साठवलं तर टोमॅटोचं बी साधारण चार वर्षं चालतं, त्यामुळे महागड्या संकरित पाकिटाचा खर्च एका हंगामावर टाकू नका. कांद्याचं बी मात्र वर्षभरातच ढेपाळतं. बियांतला ओलावा एक टक्क्यानं कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा जुना ठोकताळा आहे. तापमान पाचेक अंशांनी उतरलं तरी तेच. तेव्हा बी आधी चांगलं वाळवा, मग हवाबंद बरणीत थंड जागी ठेवा.

आता आराखड्याकडे. सरळ वाणाची जी झाडं बियांसाठी राखणार, ती वहीत आजच वेगळी मांडा. घेवड्याच्या आणि वाटाण्याच्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्या लागतात आणि लेट्यूस तुऱ्यावर येऊन बी धरेपर्यंत महिने जातात, म्हणून हे कोपरे पुढच्या पेरणीच्या हिशेबातून वगळा. टोमॅटोला अशी वेगळी जागा लागत नाही. खायला पिकलेल्या फळातलंच बी चालतं. गर दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन ते बशीत वाळवा. कागदावर पसरलं तर चिकटून बसतं.