दहावीच्या भूमितीसाठी जिओजेब्रा : वर्षभराच्या वापरानंतर

मराठी माध्यमाच्या आमच्या शाळेत दहावीच्या गणित भाग २ साठी, म्हणजेच भूमितीसाठी, जिओजेब्रा हे आकृत्या काढून त्या हलवून पाहण्याचे सॉफ्टवेअर मी गेल्या जूनपासून वापरत आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातील झाल्झबुर्ग विद्यापीठात त्याची सुरुवात केली. शाळांना ते विनामूल्य मिळते आणि एकदा संगणकावर घेतले की इंटरनेटवाचूनही चालते, त्यामुळे एकच प्रोजेक्टर असलेल्या शाळेचेही काही अडत नाही.

खरा उपयोग झाला तो ‘वर्तुळ’ या प्रकरणाला. जीवेच्या एका बाजूच्या कंसावरील बिंदू माउसने धरून फिरवला, तरी आंतरलिखित कोनाचे, म्हणजे तो बिंदू जीवेच्या दोन्ही टोकांना जोडून होणाऱ्या कोनाचे, माप ४० अंशांवरून हलत नाही, हे पडद्यावर पाहिल्यावर प्रमेयाचे विधान मुलांनीच सांगितले. तोच बिंदू जीवा ओलांडून पलीकडच्या कंसावर नेला, तेव्हा मात्र १४० ऐवजी २२० अंश उमटले, कारण जिओजेब्रा कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजते. कोनाच्या सेटिंगमध्ये ० ते १८० अंशांची मर्यादा निवडली की हा घोळ मिटतो, आणि ४० व १४० पाहून चक्रीय चौकोनाचे (ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात) संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, म्हणजे त्यांची बेरीज १८० अंश असते, इथवर वर्ग आपसूक येतो.

अडचण वेगळीच आहे. डोळ्यांनी दिसले म्हणजे सिद्ध झाले, असे मुलांना वाटू लागते आणि ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ लिहिण्याचा कंटाळा वाढतो. त्यावरचा उतारा मला सॉफ्टवेअरमध्येच सापडला. त्रिकोणाचे कोन दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवले, की एखाद्या आकृतीत ५०.१२, ६०.१२ आणि ६९.७५ अशी मापे येतात व बेरीज १७९.९९ भरते. मापे पूर्णांकित केलेली असतात, एवढेच त्याचे कारण. पण मोजणे आणि सिद्ध करणे यांतला फरक सांगायला याहून सोयीचे उदाहरण मला मिळालेले नाही.

भौमितिक रचनांसाठी मात्र मी ते वापरत नाही. स्पर्शिका एका क्लिकसरशी उमटते, तर बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत कंपासने काढलेले कंस दिसावे लागतात. त्रिकोणमितीतही विशेष फायदा जाणवला नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकांनी वर्तुळाच्या फाइली दिवाळीच्या सुट्टीतच तयार करून ठेवाव्यात. ३५ मिनिटांच्या तासात आकृती काढत बसल्यास बिंदू फिरवून पाहायला वेळच उरत नाही.