छापलेलं भोक

जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका ठगापायी माझे एकूण ६४,८५० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचता वाचता ‘किती हो, किती?’ असं कुणाच्या मनात राहायला नको. घरात हा पूर्ण आकडा मी दोन महिने सांगितला नव्हता.

असली प्रकरणं कशी चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी छोटा व्यवहार चोख, मग मोठा घास. मलाही ठाऊक होतं. त्याने आधी सालिम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ची एक प्रत १,२०० रुपयांना पाठवली. १९४१ची पहिली आवृत्ती नव्हे, बरीच नंतरची, पण अस्सल. चौथ्या दिवशी दारात. वर फोनवर अहिराणीत बोलणं, “गुरुजी, मी बी आपला खान्देशनाच शे.” झालं, तिथेच मी विरघळलो.

मग आमिष आलं. ह्यूम आणि मार्शल या इंग्रज पक्षिअभ्यासकांचे भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या शिकारीच्या पक्ष्यांवरचे तीन खंड, १८७९ ते १८८१, कलकत्त्याचे. आणि संच कुणाचा, तर म्हणे जेम्स डेव्हिडसनचा! रानपिंगळ्याच्या, म्हणजे एका दुर्मिळ छोट्या घुबडाच्या, नादी लागलेल्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही. शहादा-तळोद्याच्या जंगलातून रानपिंगळा गोळा करणारा हा इंग्रज अधिकारी. १८८४नंतर तो पक्षी कुणाला दिसला नाही, तो थेट १९९७मध्ये शहाद्याजवळच सापडला. मी शहाद्यात सहा वर्षं मास्तरकी केली आहे. त्या माणसाच्या कपाटातली पुस्तकं माझ्या कपाटात येणार म्हटल्यावर डोकं ठिकाणावर राहील कसं?

त्याने ८५,००० सांगितले, ६२,५०० वर आला. टोकन ५,०००. दोन दिवसांनी २५,०००, कारण ‘दुसरं गिऱ्हाईक पुण्याहून निघालंय’. उरलेले ३२,५०० पार्सल सोडण्याआधी, आणि विमा-पॅकिंगचे २,३५०. पार्सल हातात आल्यावर पैसे देतो म्हटलं तर “एवढ्या किमतीचं कुरिअरवाले घेत नाहीत गुरुजी.” हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलंत की फोन ठेवा.

आता ते, जे आठवलं की अजून कानशिलं तापतात. पैसे देण्याआधी त्याने मुखपृष्ठाच्या आतला फोटो पाठवला होता. त्यावर जांभळा गोल शिक्का, इंग्रजीत ‘वेस्ट खानदेश डिस्ट्रिक्ट, १८८४’. मी तो मोठा करून पाहिला. दोन बोटांनी ताणून ताणून पाहिला, हिलाही दाखवला. खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले १९०६ला. मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. सातवीच्या पोराने चुकवलं असतं तर अर्धा गुण कापला असता. १८८४ला पश्चिम खानदेश नावाचा जिल्हाच नव्हता, आणि मी त्याचा शिक्का बघून डोळे पुसत होतो!

रंग जरा मेलेले वाटले होते, हे खरं. पण ह्यूम स्वतःच त्या चित्रांच्या दर्जावर नाराज होता, म्हणून मला ते उलट खरेपणाचं लक्षण वाटलं. अर्धवट माहिती माणसाला अशी गोत्यात आणते. आणि मी एकटाच बावळट नाही. माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रजाने लंडनच्या संग्रहालयातून याच डेव्हिडसनचा रानपिंगळा चोरला आणि १९१४ला गुजरातेत मारला म्हणून खोटी चिठ्ठी लावली. मोठमोठे पक्षितज्ज्ञ त्या चिठ्ठीवर विसंबून भलत्याच ठिकाणी शोधत बसले होते.

पार्सल आलं. उघडल्याबरोबर चहाचा वास. पानं कडेला आणि आत शिवणीपाशी सारखीच तपकिरी, जुना कागद असा कधी नसतो. तणमोराच्या चित्रावर भिंग धरलं, तर वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे रांगेत बसलेले ठिपके. त्या काळच्या शिळाछापाच्या रंगात अशी जाळी नसते. दुसऱ्या खंडात किडीने पाडलेलं भोक दिसलं, जरा हायसं वाटलं. सुई घालून पाहिली. सुई जाईना. भोक छापलेलं होतं! बुरशीचे तांबूस डागही तसेच, पान उलटलं की मागे काहीच नाही. हे खंड नेटवर फुकट वाचायला मिळतात. तेच उतरवून, छापून, रेक्झिन चढवून मला पाठवले.

पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, “पुस्तकं मिळाली ना? मग फसवणूक कसली?” मी भोक दाखवलं. ते शेजारच्याला म्हणाले, “बघ रे, साठ हजाराची रद्दी.” ह्यूमची हस्तलिखितंही सिमल्याच्या बाजारात नोकराने रद्दीतच विकली होती, पण ते तिथे कुणाला सांगता! सायबरवाल्यांकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, आधी ठाण्याचं पत्र आणा. ठाणं म्हणालं, हा दिवाणी वाद, वकील करा. न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मीच त्यांना वाचून दाखवलं, तर “गुरुजी, शाळा सुटली आता.” बँकेत म्हणे, पिन तुम्हीच टाकला. पाच खेटे, रंगीत झेरॉक्सचे ७४० वेगळे, आणि हातात पोच म्हणून अर्जावरचा एक वाकडा शिक्का. तो मात्र अस्सल.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० या नंबरवर, मी नवव्या दिवशी फोन केला. नवव्या! तोवर त्या खात्यात काय उरणार? पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात करा, लाज नंतर वाटून घ्या. विकणाऱ्याला व्हिडिओवर पान खिडकीच्या उजेडात धरायला लावा, नाही म्हणाला तर सोडा. आणि कुणी तुमच्याच बोलीत बोलला म्हणून पाघळू नका.

माझा शेवटचा मूर्खपणा अजून सांगायचा राहिलाय. रागाच्या भरात मी त्याला लांबलचक मेसेज पाठवला, ‘अरे गाढवा, १९०६च्या आधी वेस्ट खानदेश नव्हतंच.’ दोन निळ्या खुणा उमटल्या, मग ब्लॉक. गेल्या आठवड्यात चाळीसगावच्या एका ओळखीच्या पक्षीवाल्याने मला फोटो पाठवून विचारलं, घेऊ का? तोच संच, तसंच ७५,०००-८०,०००चं बोलणं, तोच जांभळा गोल शिक्का. फक्त आता त्यावर नुसतं ‘खानदेश, १८८४’ आहे.