बिनबिलाचं अंतराळयान: मोठ्या किटच्या आणि लाइटिंगच्या खरेदीत मी कसा फसलो

जून २०२४ मध्ये मी एका माणसाकडून अंतराळयानाच्या प्लास्टिक मॉडेलचं मोठं, सुटे भाग जोडून आणि रंगवून करायचं किट आणि ते आतून उजळवायचा लाइटिंग सेट घेतला. दोन्ही मिळून २४,००० रुपये दिले. डिसेंबरमध्ये त्याच माणसाला आणखी ४,६०० रुपये दिले. यातला एक रुपयाही परत आलेला नाही. माणूस गोड बोलणारा, आपल्याच भाषेतला आणि या छंदातलं सगळं जाणणारा होता. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

किट होतं 'स्टार ट्रेक'मधल्या एंटरप्राइजचं, १:३५० प्रमाणातलं. जोडून झालं की सुमारे ८२ सेंटिमीटर लांबी भरते. हेच यान का, तर ऐंशीच्या दशकात ही मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची आणि आम्ही दोघे भाऊ ती शेजाऱ्यांकडे जाऊन बघायचो. दादा तेव्हा डिप्लोमाला होता. त्याने पुठ्ठ्याचं यान करून त्यात टॉर्चचा बल्ब आणि दोन सेल बसवले होते. रात्री लाइट गेले की ते यान खिडकीत पेटवून ठेवायचा. जानेवारी २०२५ मध्ये दादाला साठ पूर्ण होणार होती. त्या दिवशी खरं, मोठं, खिडक्या उजळलेलं यान त्याच्यासमोर ठेवायचं, असं मी वर्षभर आधीच ठरवलं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. ही किट आपल्याकडे महाग पडतात, कारण मॉडेल किट सीमाशुल्काच्या हिशेबात खेळण्यांबरोबर बसतात. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर बाकीचे कर आणि एवढ्या मोठ्या खोक्याचं कुरिअर. त्यामुळे "ओळखीचे लोक सामानातून आणतात, ड्युटी लागत नाही" असं कुणी म्हटलं की आपल्यासारख्यांचे कान टवकारतात. माझेही टवकारले. विकायचा माल असा आणणं म्हणजे ड्युटी चुकवणंच आहे, हे मला कळत होतं. तरी मी हो म्हणालो. पुढच्या सगळ्या नुकसानीची सुरुवात त्या होकारात आहे.

फोनवर तो म्हणाला, "काका, बिल मागू नका. बिल केलं की मला ड्युटी दाखवावी लागेल आणि तुम्हाला नऊ-दहा हजार जास्त पडतील. माझ्यावर विश्वास ठेवा, आपण मराठी माणसं एकमेकांना फसवणार आहोत का?" पाठोपाठ त्याने फोटो पाठवले: पूर्ण झालेलं यान, यानाच्या पुढच्या गोल, चपट्या भागाच्या, म्हणजे बशीच्या, कडेने उजळलेल्या खिडक्या, मागच्या दोन नळकांड्यांच्या तोंडाशी फिरणारा नारिंगी प्रकाश. म्हणाला, "हे मी एका क्लायंटसाठी केलंय. सेम सेट तुम्हाला देतो, टेस्ट करून." फोटो इतके सुंदर होते की मी संध्याकाळी पूर्ण रक्कम पाठवून दिली. अर्धे आधी, अर्धे माल हातात पडल्यावर, एवढंसुद्धा म्हणालो नाही.

खोकं आठ दिवसांत आलं. झाकण अस्सल, छपाई अस्सल. वरून उघडून पाहिलं, राखाडी स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, पिशव्यांमध्ये व्यवस्थित होते. लाइटिंगचा डबा वेगळा, त्यालाही चिकटपट्टी लावलेली. मी सगळं परत बंद करून कपाटावर ठेवलं. कारण सरळ होतं. पुण्यात पावसाळ्यात मी एअरब्रश, म्हणजे रंग फवारायचं यंत्र, हातात घेत नाही. दमट हवेत लॅकर मारलं की रंगावर पांढुरकी साय धरते. रंगकाम दिवाळीनंतर, ही माझी अनेक वर्षांची सवय. आज विचार करतो तेव्हा लक्षात येतं की त्या माणसाचा सगळा धंदा याच सवयीवर उभा आहे. मोठं किट कुणी आलं त्या दिवशी जोडायला घेत नाही. ते महिनोन्‌महिने कपाटावर राहतं आणि तोवर तक्रारीची मुदत, बँकेकडे दाद मागायची वेळ, सगळं निघून जातं. त्याने मला पहिल्याच फोनवर विचारलं होतं, "कधी सुरू करणार काका?" मी म्हणालो होतो, "दिवाळीनंतर." तो म्हणाला, "छान, निवांत करा."

नोव्हेंबरमध्ये टेबलावर जुनी चादर अंथरून सगळ्या पिशव्या बाहेर काढल्या. पारदर्शक भागांची पिशवी हातात आली आणि मी थांबलो. इतर पिशव्यांची शिवण यंत्राची, सरळ आणि सपाट होती. हिचं तोंड वेडंवाकडं, सुरकुतलेलं, आणि कडेला बारीकशी काळी रेघ. बोटाने पुसली तर काजळी बोटाला आली. पिशवी मेणबत्तीवर चिकटवलेली होती.

आत खिडक्यांचे आणि नळकांड्यांच्या तोंडाचे घुमट होते, पण ते कारखान्यातल्या पारदर्शक प्लास्टिकचे नव्हते. कुणीतरी मूळ भागांचे साचे काढून रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या रसायनात, ओतलेल्या नकला होत्या. रंग किंचित पिवळसर, उजेडात धरलं की आत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे. साच्यातून काढलेली नक्कल मूळ भागापेक्षा थोडी आक्रसते. घुमट त्याच्या जागी ठेवून पाहिला तर हातात खुळखुळत होता. व्हर्नियरने मोजलं, जवळजवळ मिलिमीटरभर लहान. म्हणजे किटमधले अस्सल पारदर्शक भाग त्याने काढून घेतले, स्वतःच्या कामात वापरले किंवा वेगळे विकले, आणि उरलेलं किट पूर्ण किमतीला माझ्या गळ्यात मारलं. लाइटिंग करायचं असेल तर या किटमध्ये सगळ्यात मोलाचे भाग तेच असतात.

मी लगेच फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. "कंपनीचाच लॉट खराब आलाय काका, मी बदलून देतो, तुम्ही तोवर बॉडीचं काम सुरू करा." मी ऐकलं. जानेवारी जवळ येत होता.

काम मी जीव ओतून केलं. राखाडी प्लास्टिक दिसायला जाड असलं तरी आतून दिवा लावला की सगळं यान कंदिलासारखं उजळतं. म्हणून आतून आधी काळा रंग दोन हात, त्यावर पांढरा दोन हात. काळ्याने प्रकाश अडतो, पांढऱ्याने तो आत खेळतो. खिडक्यांची प्रत्येक फट कोरून साफ केली. वायर कुठून न्यायची यावर चार दिवस विचार केला. मालिकेसाठी वापरलेलं मूळ ११ फुटी मॉडेल आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. त्याच्या डाव्या अंगाला वायरी बाहेर काढलेल्या होत्या आणि ती बाजू अर्धवटच ठेवली होती, कारण चित्रीकरण उजवीकडून व्हायचं. घरातलं यान लोक चारी बाजूंनी बघतात. तेव्हा सगळ्या वायरी मधल्या मानेतून खाली आणि स्टँडच्या नळीतून बाहेर, असं ठरवलं.

मग लाइटिंगचा डबा उघडला. वर्णनात होतं: प्रत्येक विभागाला वेगळं सर्किट, फिरणाऱ्या प्रकाशासाठी छोट्या मोटारी, १२ व्होल्टचा अॅडॉप्टर. आतमध्ये मोटारी नव्हत्या. त्याऐवजी एक हिरवं बोर्ड होतं आणि त्यावरच्या आयसीचा, म्हणजे काळ्या चिपचा, नंबर पॉलिश पेपरने घासून टाकलेला. आपल्या आकाशकंदिलात पळणाऱ्या दिव्यांची जी माळ असते, तिच्यातलंच बोर्ड. पांढऱ्या एलईडी एकमेकींना समांतर जोडलेल्या आणि सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर, म्हणजे प्रवाह आटोक्यात ठेवणारा भाग.

हे का वाईट आहे, ते नीट सांगतो, कारण सेट घेताना हे डोळ्यांनी तपासता येतं. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि २० मिलिअँपिअर पुरतात. १२ व्होल्टवर तीन एलईडी एका ओळीत घातल्या की ९ व्होल्ट त्या घेतात आणि उरलेल्या ३ व्होल्टसाठी १५० ओहमचा रेझिस्टर लागतो. अशा प्रत्येक ओळीला स्वतःचा रेझिस्टर हवा. दहा-बारा एलईडी समांतर जोडून एकच रेझिस्टर दिला तर त्यातली जी जरा जास्त प्रवाह ओढते ती गरम होते, गरम झाली की आणखी ओढते आणि शेवटी जाते. मग तिचा वाटा उरलेल्यांवर पडतो.

मला हे कळत होतं. सेट बदलायला हवा हेही कळत होतं. पण तारीख जवळ होती आणि त्याने "टेस्टेड आहे" असं तीनदा सांगितलं होतं. टेबलावर दोन मिनिटं लावून पाहिला, सगळं पेटलं. बशीचे दोन्ही भाग चिकटवून टाकले. दोन मिनिटांची चाचणी ही चाचणीच नव्हे. स्टीलच्या ताटात सेट पसरून दोन-तीन तास चालू ठेवायचा आणि मध्ये मध्ये बोट लावून बघायचं, मगच आत बसवायचा.

डिसेंबरमध्ये एका रात्री जोडलेली बशी अर्धा तास चालू ठेवली. सुरुवातीला इतकी छान दिसली की मी हिला हाक मारून बोलावलं. ती म्हणाली, "कसला वास येतोय हो?" बशीच्या वरच्या बाजूला, पुढच्या कडेपासून चार बोटांवर, प्लास्टिक मऊ होऊन आत बसलं होतं. रुपयाच्या नाण्याएवढा खळगा, मधोमध तपकिरी. वायर ओढून काढली. अॅडॉप्टरवर १२ व्होल्ट छापलेलं होतं, मल्टिमीटरने १६.८ दाखवले. मी ते आधी मोजलं नव्हतं.

फोटो पाठवले. तो म्हणाला, "काका, वडिलांसारखे आहात तुम्ही, वाईट वाटलं मला. नवीन वरची बशी, अस्सल घुमट आणि दुसरा सेट पाठवतोय, पार्सल मुंबईला कस्टम्समध्ये अडकलंय, ४,६०० भरले की सुटेल." मागच्या वेळी ज्याला ड्युटी नको होती, त्याचं पार्सल आता कस्टम्समध्ये कसं, हा प्रश्न मला त्या क्षणी सुचला नाही. दादाची साठी डोळ्यांपुढे होती. पैसे पाठवले. चार दिवसांनी तो म्हणाला, पार्सल परत गेलं, मी सगळे पैसे रिफंड करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. तिथे मात्र मी थांबलो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. तसं बोललो आणि फोन कटला. त्यानंतर नंबर बंद.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला आणि cybercrime हा शब्द ज्या सरकारी पोर्टलच्या नावात आहे तिथे तक्रार नोंदवली. तिथे वेळेला फार महत्त्व आहे. पैसे त्या खात्यात असतानाच तक्रार पोचली तर बँकेमार्फत ते अडवता येतात. जूनचे पैसे डिसेंबरमध्ये कुठे सापडणार? ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. पण तक्रार कुणाविरुद्ध करायची? माझ्याकडे बंद पडलेला नंबर आणि यूपीआय आयडी होता. दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. हे सगळं ज्या कागदावर असतं तो कागद मीच नको म्हटला होता.

जानेवारीत दादा आणि वहिनी आले. मी त्याला सगळं सांगितलं, खळगा दाखवला, त्या माणसाने पाठवलेले फोटोही दाखवले. दादाने चष्मा वर केला, एक फोटो मोठा केला आणि म्हणाला, "अरे, या मॅटवरचे आकडे उलटे आहेत." यानाखालच्या हिरव्या कटिंग मॅटच्या कडेचे सेंटिमीटरचे आकडे आरशात दिसावेत तसे होते. यानावरची अक्षरं अजून लावलेली नव्हती, म्हणून यानावर काही कळत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या कामाचे फोटो उलटे करून त्याने वापरले होते, म्हणजे शोधले तरी मूळ फोटो सहज सापडू नयेत. मागच्या भिंतीवर प्लगचा सॉकेटही होता, दोन उभ्या चपट्या फटींचा. आपल्या घरात तसा सॉकेट नसतो. हे फोटो माझ्या मोबाइलमध्ये सात महिने होते.

तो खळगा आम्ही दोघांनी मिळून पुट्टीने भरला. रेझिस्टर आणि चांगला अॅडॉप्टर पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आणले, बशी कापून पुन्हा उघडली, वायरिंग दादाने स्वतः सोल्डर केलं. अस्सल घुमट बिल घेऊन, ड्युटी भरून मागवले आहेत, ते अजून यायचे आहेत.

मार्चमध्ये तेच फोटो मला पुन्हा दिसले. विकणाऱ्याचं नाव वेगळं, शहर वेगळं, किंमत या वेळी २६,००० आणि खाली तीच ओळ, बिलाशिवाय स्वस्त. यानाखाली हिरवी मॅट आहे, तिचा जवळचा कोपरा तिरका कापलेला आहे आणि कडेचे आकडे उलटे आहेत. कुणी असे फोटो पाठवले तर ते मोठे करून मॅट बघा आणि पैसे पाठवू नका.