पॉवरलाइन अडॅप्टर आणि लिनक्स: बटण दाबायचं की टर्मिनल उघडायचं?

घरातल्या वायरिंगमधून नेट नेणाऱ्या अडॅप्टरला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही; कॉम्प्युटरला दिसतं ते साधं इथरनेट. प्रश्न उरतो जोडी जुळवण्याचा.

पहिला मार्ग 'पेअर' बटणाचा. एकाचं दाबा, दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं दाबा, दिवे लुकलुकून स्थिरावले की झालं. उबुंटू असो वा फेडोरा, काही फरक नाही.

दुसरा मार्ग ओपन-पीएलसी-युटिल्सचा, म्हणजे क्वालकॉम अथेरॉसच्या चिपसाठीच्या ओपन सोर्स साधनांचा. यातलं 'पीएलसीटूल' सहसा सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून चालवावं लागतं, कारण ते नेटच्या नेहमीच्या आयपी पत्त्यांना वळसा घालून थेट इथरनेट फ्रेममधून बोलतं. अडॅप्टरमधली चिप ब्रॉडकॉमची निघाली तर मेहनत पाण्यात! पण खरी मजा इथेच आहे: कुठल्या अडॅप्टरला किती वेग मिळतोय ते आकड्यांत दिसतं. हॉलमधला अडॅप्टर मी स्पाइक गार्डवरून काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला आणि आकडा लगेच चढला. दिवा बिचारा आधीही हिरवा, नंतरही हिरवाच.

होमप्लग एव्ही या पॉवरलाइन मानकाच्या अडॅप्टरचा कारखान्यातला पासवर्ड बहुधा 'होमप्लगएव्ही' (HomePlugAV) असतो. बटणाने जोडलं तर सहसा नवी किल्ली (एन्क्रिप्शन की) आपोआप बनते. आपल्या पसंतीचा पासवर्ड ठेवायचा असेल, तर मात्र लिनक्सवर बहुतेक वेळा टर्मिनलच गाठावं लागतं.