आधी अनुदान की आधी गिऱ्हाईक? प्रयोगशाळेतून कंपनीकडे जाणाऱ्या दोन वाटा

पीएचडीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी हा पेच अनेकांपुढे येतो. हातात चालणारं तंत्र असतं, पेटंटचा अर्ज गेलेला असतो, गाईड म्हणतात, 'बघ, यातून कंपनी होईल.' मग प्रोटोटाइपसाठी अनुदान घ्यायचं, की आधी ग्राहक-शोधाच्या कार्यक्रमात जायचं? मी दोन्ही केलंय, आणि आज वाटतं, उलट्या क्रमाने केलं.

अनुदानाची वाट बहुतेकांना माहीत आहे. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या 'निधी' कार्यक्रमातल्या प्रयास योजनेतून १० लाखांपर्यंत, जैवतंत्रज्ञानाला निधी देणाऱ्या बायरॅक या सरकारी संस्थेच्या 'बिग' अनुदानातून ५० लाखांपर्यंत. पैसे इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि आधार देणाऱ्या संस्थेमार्फत, येतात. आपल्याकडे पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर किंवा आयआयटी मुंबईचं साइन ही जुनी, जाणती ठिकाणं. पैशाइतकाच तिथला शेजार मोलाचा असतो. पलीकडच्या टेबलावरची बाई तुमच्यापेक्षा दोन वर्षं पुढे असते, आणि कुठला व्हेंडर वेळ पाळतो हे ती चहा पिता पिता सांगून टाकते.

दुसरी वाट अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये आय-कॉर नावाने रूढ केली. संशोधक, प्राध्यापक आणि उद्योगातला मार्गदर्शक अशी टीम, सात आठवडे, आणि शंभर संभाव्य ग्राहकांच्या मुलाखती. काही विकायचं नाही, समोरच्याचं काम कसं चालतं तेवढं विचारायचं. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या गोपालकृष्णन-देशपांडे केंद्राने २०१७ पासून हाच साचा वापरला, आता इतरत्रही असे कार्यक्रम होतात. यंत्र बांधायला इथे पैसे मिळतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

माझं काम मेंब्रेनचं, म्हणजे अतिसूक्ष्म गाळणीच्या पडद्याचं. पनीर काढल्यावर उरलेलं पाणी छोट्या डेअऱ्या बरेचदा गटारात सोडतात, त्यातलं प्रथिन वेगळं काढायचं. अनुदान मिळालं, टप्पे ठरले, आणि सगळे टप्पे फ्लक्सचे, म्हणजे मेंब्रेनच्या दर चौरस मीटरमधून तासाला किती लिटर पाणी जातं त्याचे. सातव्या महिन्यात यंत्र टेम्पोत घालून फलटणकडच्या एका डेअरीत नेलं. मालकांनी ते तासभर शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, संध्याकाळचं दूध साडेपाचला येतं. तोवर हे धुऊन होतंय का?"

होत नव्हतं. कॉस्टिक, पाणी, अ‍ॅसिड, परत पाणी, असे अडीच तास लागायचे. लॅबमध्ये आम्ही धुणं रात्री लावून घरी जायचो, त्यामुळे तो वेळ कुणी मोजलाच नव्हता.

उपाय होता: एक डोसिंग पंप आणि दोन व्हॉल्व्ह, मिळून ३८ हजार. पैसे खात्यात होते, पण कन्झ्युमेबल्सच्या, म्हणजे वापरून संपणाऱ्या मालाच्या हेडमध्ये (खर्चाच्या शीर्षाखाली), आणि पंप पडतो इक्विपमेंटमध्ये. हेड बदलायचं तर अर्ज, मग अकाउंट्सचा शेरा, मग समितीची बैठक, आणि त्यानंतर तीन क्वोटेशन्स. पंप हातात यायला अकरा आठवडे गेले. तेवढ्या काळात आम्ही फ्लक्स आणखी वाढवला, कारण टप्पा तोच होता. अहवालात 'उद्दिष्ट साध्य' लिहिलं, आणि ते खरंही होतं. डेअरीवाल्यांचा प्रश्न बसवायला त्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

यात इन्क्युबेटरमधल्या माणसांना मी बोल लावणार नाही. पैसा सरकारी आहे, हिशेब हवाच. काही ठिकाणी हेड आठवड्यात बदलून मिळतं असंही ऐकलंय. पण माझा कल बदलला तो याच अकरा आठवड्यांत.

पुढच्या वर्षी ग्राहक-शोधाच्या कार्यक्रमात गेलो. बारामती, फलटण, सांगली अशा साठाहून जास्त भेटी झाल्या. पहिल्या दहा मला अवघड गेल्या, कारण मी प्रश्न विचारायचं सोडून मेंब्रेन समजावत बसायचो. विसाव्या भेटीच्या आसपास कळू लागलं की छोटी डेअरी हे यंत्र घेणारच नाही, कारण ते चालवायला तिच्याकडे माणूस नाही. पण कुणी रोज येऊन पाणी उचलून नेणार असेल, तर ती ते द्यायला तयार आहे. म्हणजे यंत्र पाच-सहा डेअऱ्यांमध्ये मिळून एक, आणि चालवणारे आम्ही. अख्खा बेत एका संध्याकाळी बदलला, आणि त्यासाठी कुणाची सही लागली नाही.

औषधाचा रेणू किंवा शरीरात बसवायचं उपकरण असेल तर माझा अनुभव कदाचित लागू पडणार नाही. तिथे पुराव्याशिवाय डॉक्टर बोलणारच नाहीत, आणि आधी अनुदान हेच बरोबर ठरेल. घरून पैशाचा आधार नसेल तर 'निधी' कार्यक्रमाचीच ईआयआर ही नवउद्योजकांसाठीची फेलोशिप, महिना ३० हजारांपर्यंत, हाही विचार करण्याजोगा पर्याय आहे. तुमच्या कंपनीत संस्था किती हिस्सा घेणार याची चौकशी दोन्ही वाटांवर करा. विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या स्टार्टअपसाठीच्या २०१९ च्या राष्ट्रीय धोरणात २ ते ९.५ टक्के असा पल्ला सुचवलाय, पण प्रत्येक संस्थेचा करार वेगळा. आणि मुलाखतींत गुपित फुटेल ही भीती फारशी धरू नका. तुम्ही त्यांच्या कामाबद्दल विचारता, तुमच्या रसायनाबद्दल नाही. तरीही भीती मनात असेल आणि पेटंटचा अर्ज गेलेला नसेल, तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, संपूर्ण तपशिलासाठी १२ महिने मिळतात.

बिगचे अर्ज साधारण १ जानेवारी आणि १ जुलैला उघडतात आणि दीड महिना खुले राहतात. आत्तापासून आठवड्याला दोन भेटी ठेवल्या, तर फॉर्ममधले टप्पे आणि हेड लिहायला बसाल तेव्हा पंप कुठल्या हेडमध्ये टाकायचा हे तुम्हाला माहीत असेल.